जिंकेल तो राहील

१

संध्याकाळी सातला आमच्या घरी कुणी फोन करत नाही. केलाच तर बाबा उचलतात, "कोण गेलं?" म्हणून विचारतात, आणि कुणी गेलेलं नसेल तर ठेवून देतात. कारण सातला टीव्हीवर 'तिघांतला एक' हा प्रश्नोत्तरांचा खेळ लागतो. आई गेल्यापासून आमच्या घराचा गाडा त्या अर्ध्या तासावरच चाललाय म्हणा ना! बाबा त्यांच्या खुर्चीत, मी शेजारच्या, मध्ये स्टुलावर कॉफी आणि वेलदोडा घातलेला निसू पाव. टीव्हीतल्या तिघांनी बटण दाबायच्या आत आम्ही दोघं ओरडून उत्तरं देतो. बाबा जास्त ओरडतात. त्यांचं बरोबर आलं की माझ्या गुडघ्यावर थाप मारतात. तरुणपणी तांब्याच्या खाणीत घण चालवलेला हात तो, त्यामुळं गुडघा कायम काळानिळा.

बाबा म्हणजे अर्वो पेल्कोनेन, ऐंशी कधीच ओलांडलेले. मी लिनेट, त्यांची एकुलती एक. सुपीरियर सरोवराजवळच्या हँकॉक गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसतंय की नाही हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही पहिल्यांदा माझ्याच डोळ्यांवर संशय घ्याल. मीही घेतला होता.

मागच्या ऑगस्टात त्या खेळासाठी माझी निवड झाली. लॉस एंजेलिसला बोलावणं आलं. पाहुणा म्हणून बाबांचं नाव दिलं होतं, पण त्यांच्या खुब्यानं ऐन वेळी दगा दिला आणि मी एकटीच गेले. प्रेक्षकांत त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी राहिली.

तिथं आठवड्याचे पाचही खेळ एका दिवसात उरकतात. जिंकेल तो राहतो, आत जाऊन कपडे बदलतो, आणि जणू दुसरा दिवस उजाडलाय अशा थाटात परत येऊन उभा राहतो. बाकीच्या दोघांना टाळ्या वाजवून घरी पाठवतात. म्हणून प्रत्येकाला तीन जोड कपडे आणायला सांगतात. मी नेले होते निळा शर्ट, मरून जाकीट आणि एक नवाकोरा हिरवा ड्रेस. माझा निकाल निळ्या शर्टावरच लागला.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं असतं, आणि त्याआधी आपले किती गुण पणाला लावायचे ते सांगायचं. विषय आला फिनलंड. मी म्हटलं, देव पावला! आमचं अख्खं गाव फिनिश. लावले सगळे गुण. प्रश्न होता: अठराशे बारा साली राजधानी हेलसिंकीला हलवली, त्याआधी ती कुठं होती? आणि माझ्या डोक्यात एकदम शुकशुकाट. मी 'टाम्पेरे' लिहून मोकळी झाले. बरोबर उत्तर टुर्कू. माझे पणजोबा जे शहर सोडून इथं आले ते टुर्कू! आमच्या बैठकीत टुर्कूच्या किल्ल्याचं चित्र टांगलंय, त्याच्याखाली बसून मी लहानाची मोठी झाले!

टल्साहून आलेला एक दातांचा डॉक्टर जिंकला. गळ्यात बो टाय, हात घामानं ओला. मी त्याच्याशी हात मिळवला आणि विमानात रडत घरी आले.

खेळ टीव्हीवर लागेपर्यंत निकाल फोडायचा नाही अशी सही घेतात. त्यामुळं जानेवारीपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप. बाबा विचारायचे, "काय झालं गं?" मी म्हणायची, "सही केलीय." यावर ते खूश होऊन मान हलवायचे. हरलेलं माणूस एवढं गुपित ठेवतच नाही असं त्यांचं पक्कं मत. आणि मला एकच भीती खात होती. टुर्कू चुकलेली पोर बाबांना साऱ्या गावासमोर बघावी लागणार होती.

२

खेळ लागायच्या सोमवारी सगळं गाव रोंडा कंगासच्या बोलिंगच्या हॉलमध्ये लोटलं. बाहेर खिडकीच्या काचांपर्यंत बर्फ, आत घाम फुटेल एवढी गर्दी. रोंडा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनं भिंतभर पडदा लावला होता, पास्टीचे, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भल्यामोठ्या करंज्यांचे, ट्रे मांडले होते, आणि बाबांना मधोमध खुर्ची दिली होती.

"बयो, तोंड असं का गं पडलंय तुझं?" रोंडा म्हणाली.

"काही नाही. उकडतंय फार."

"बघा बघा, कशी ताणतेय! हिला नाटकात घ्या रे कुणीतरी."

खेळ सुरू झाला. पडद्यावर मी. निळा शर्ट. सूत्रधार रॉस डेलाकूरनं माझं आडनाव 'पेलिकन' असं उच्चारलं, तेव्हा बाबांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एक गिऱ्हाईक वर्षभर बायकोचाच चष्मा लावून हिंडत होतं तो किस्सा मी सांगितला. सगळं मला आठवत होतं तसंच चाललं होतं. शेवटचा विषय आला फिनलंड, आणि हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. मी हातातल्या पास्टीकडं बघत उभी राहिले. वर बघायची हिंमत नव्हती.

प्रश्न आला. बाबा काठीवर भार देऊन उठले आणि छातीच्या तळापासून ओरडले, "टुर्कू!"

मग सगळा हॉल ओरडला, "टुर्कू! टुर्कू!"

मी वर बघितलं. पडद्यावरची मी मान खाली घालून लिहीत होते. मी सरळ लिहीत गेले होते, मधे थांबले नव्हते, हे मला पक्कं आठवतंय. ही थांबली. कुणी हाक मारावी तशी तिनं मान वर केली, जरा तिरकी केली, आणि ऐकलं. मग लिहिलेलं खोडून तिनं त्याच्याखाली दुसरं लिहिलं.

पाटी उघडली. टाम्पेरे खोडलेलं. खाली टुर्कू.

काय सांगू! बाटल्या उघडल्या, कुणी अकॉर्डियन काढलं, बाबा खुबाबिबा विसरून रोंडाबरोबर पोल्का नाचले. मला लोकांनी उचललं. पडद्यावर बो टायवाल्यानं तिच्याशी हात मिळवला आणि ती हसली. दात दिसतात म्हणून मी हसताना तोंडावर हात धरते. तिनं धरला नाही.

बाबा माझ्या कानाशी आले. डोळे भरलेले होते. "आईनं बघायला हवं होतं गं," म्हणाले.

मी हरले होते, बाबा. एवढं एक वाक्य होतं. ते ओठांवर आलं आणि तिथंच विरलं, कारण त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आणि खरं सांगू का, खांद्यावर घेऊन नाचवलं तर कुणाला आवडत नाही?

३

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. माणूस घाबरला की त्याची आठवण दगा देते. लिहिताना मी खोडलंही असेल, जिंकलेही असेन. मग विमानात रडले कशाला? आनंदानं? आणि आनंदाला एवढे नॅपकिन लागतात?

दुकानातून मी कार्यक्रमाच्या कचेरीत फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"सोमवारच्या खेळात कोण जिंकलं ते जरा सांगाल?"

"कोण बोलतंय?"

"लिनेट पेल्कोनेन. मीच खेळले होते."

"अय्या, लिनेट! किती गोड खेळलात हो तुम्ही! पण तुमची सही आहे ना? आठवडा संपेपर्यंत कुणाशी काही बोलायचं नाही. माझ्याशीसुद्धा नाही." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज घरीच बघू. रोंडाकडं कलकलाट फार, डोकं चालत नाही." मी कॉफी केली, निसू कापला. सात वाजले.

ती मरून जाकीट घालून आली. मी उठून आत गेले, कपाट उघडलं. जाकीट जागच्या जागी, धोब्याच्या प्लॅस्टिकमध्ये, ऑगस्टात आणून टांगलं होतं तसंच. फक्त कॉलरवर एक बारीक वळ होता. बोलणं टिपायला ते जे काळं बोंडुक लावतात, त्याच्या चिमट्याचा.

"कुठं कडमडलीस?" बाबा बाहेरून ओरडले. "ये लवकर! तू झकास खेळतेयस!"

मी जाऊन बसले. बाबा ओरडत होते, ती उत्तरं देत होती. "ऑक्टोपस!" बाबा ओरडले. ती म्हणाली, ऑक्टोपस. "बैकाल!" ती म्हणाली, बैकाल. माझ्या गुडघ्यावर थापा पडत होत्या. मंगळवारीही ती जिंकली. मी दोन झोपेच्या गोळ्या घेऊन पडले.

४

बुधवारी हिरवा ड्रेस. त्याची गंमत अशी की तो घरात नव्हताच. किमतीची चिठ्ठीही न काढता मी तो सप्टेंबरात, जिथून घेतला त्या दुकानाला परत केला होता. तो घालून ती उभी होती आणि, काय लपवायचं, तिला फार शोभत होता.

मी म्हटलं, चल लिनेट, डोळे तपासायचा धंदा आहे तुझा, तपास. मग मी खेळाकडं न बघता बाबांकडं बघायला लागले. आधी बाबांचं तोंड, मग तिचं. आधी बाबा, मग ती. प्रत्येक वेळी. बाबा जिथं गप्प राहत तिथं तीही गप्प राहायची, हाताची बोटं बटणावर वाजवत.

"सर्वांत लांब समुद्रकिनारा असलेला देश?" रॉसनं विचारलं.

"नॉर्वे!" बाबा गरजले.

ती म्हणाली, "नॉर्वे."

"चूक," रॉस म्हणाला. दुसऱ्यानं कॅनडा सांगून गुण खाल्ले.

बाबा थबकले. कॉफीचा कप हातातच राहिला. बराच वेळ त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढचा प्रश्न आला, द्रवरूप धातूचा. त्यांना उत्तर येत होतं, मला दिसत होतं, पण त्यांनी मुद्दाम ओठ मिटले. पडद्यावरची वाट बघत राहिली. मान तिरकी, कान आमच्याकडं. वेळ संपत आली तसा बाबांना राहवलं नाही. हळूच म्हणाले, "पारा."

"पारा," ती म्हणाली, आणि आघाडी घेतली.

जाहिराती लागल्या. बाबा म्हणाले, "पोरी, हे ऑगस्टातलं आहे ना?"

"हो."

"आणि तू..."

"मी पहिल्याच दिवशी हरले, बाबा. टाम्पेरे लिहिलं मी." शेवटी बोलले. सही गेली खड्ड्यात!

"टाम्पेरे?" बाबांना त्या क्षणी बाकी कशाचंच काही वाटलं नाही. "अगं गाढवे, भिंतीवर किल्ला टांगलाय तुझ्या!"

"माहितीय हो!"

मग आम्ही दोघं हसायला लागलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पाच महिने छातीवर ठेवलेला धोंडा असा उतरला. हसू ओसरल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "म्हणजे खेळतोय तो मी?"

"तसंच दिसतंय."

"मग आता मी गप्प बसू का?" असं विचारताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. जत्रेतून घरी चल म्हटल्यावर पोराचा होतो तसा. हा माणूस तेराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला, आयुष्यभर भिंतीला आणि टीव्हीला उत्तरं देत आला, आणि पहिल्यांदाच समोरून कुणीतरी ऐकत होतं.

"बसू नका," मी म्हटलं. "खेळा." बुधवारही तिनंच मारला.

आता मला विचाराल, भीती नाही वाटली? वाटली. पण घरात इतका आनंद भरून राहिला होता की तिला बसायला जागाच नव्हती. बाबा सकाळी उठून जुने नकाशे चाळायला लागले. दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागली. ज्यांची नजर गरुडासारखी तेही चष्मा करून घेऊन गेले. रोंडानं माझ्या नावाची पास्टी काढली. कोण कशाला म्हणेल की थांबवा?

५

गुरुवारी मी सातच्या आधीपासून विचार करत होते. तीन जोड संपले, आज ही काय घालणार?

ती करडा स्वेटर घालून आली. पोटावर तपकिरी डाग. मी खाली बघितलं. तोच करडा स्वेटर माझ्या अंगात होता, आणि तोच डाग. सकाळी नकाशा पसरताना बाबांच्या कोपरानं कप लवंडला होता. धुवायचा कंटाळा केला होता मी.

"बाबा," मी म्हटलं.

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा कंप होता. पण डोळे चमकत होते.

मधल्या गप्पांत रॉस तिच्याकडं वळला. "लिनेट पेल्कोनेन!" त्यानं आडनाव अगदी आमच्या गावात म्हणतात तसं म्हटलं. "आज हा डाग कसला?"

"बाबांनी कॉफी सांडली," ती म्हणाली. प्रेक्षक हसले. "नकाशे काढून बसलेत सध्या. माझ्यापेक्षा जोरात तयारी चाललीय त्यांची."

"एवढं त्यांचं नाव ऐकतोय आम्ही. घेऊन या की एकदा."

"उद्या आणते," ती म्हणाली.

"आणाच. त्यांची खुर्ची अजून रिकामी आहे."

कॅमेरा फिरला. गर्दीत एक रिकामी खुर्ची होती, दोन्ही बाजूंनी माणसं जराशी सरकून बसलेली, जागा राखून ठेवावी तशी. 

बाबांनी गुडघ्यावर थाप मारली. माझ्या नव्हे, स्वतःच्या. "बघ! बोलावलं मला!"

"कुठं जायचं नाही तुम्हाला."

"अगं, गंमत म्हणून..."

"बाबा, नाही म्हणजे नाही!" मी ओरडले. त्यांनी तोंड फिरवलं. पण पुढचं उत्तर त्यांनी दिलंच, आणि तिनं ते उचललं.

६

शुक्रवारी मी टीव्हीची वायर भिंतीतून उपटून कोटाच्या खिशात घातली आणि दुकानात गेले. संध्याकाळी परत येते तर बाबा दारात. बूट, टोपी, हातमोजे, काठी, सगळा जामानिमा.

"कुठं?"

"रोंडाकडं. तिचा टीव्ही चालू असतो."

"बर्फात? त्या खुब्यावर?"

"मग कडेवर घेऊन चल," बाबा म्हणाले आणि पायरी उतरायला लागले. माझ्या जातीची अडेलतट्टू माणसं मला ओळखू येतात. मी त्यांना आत ओढलं आणि वायर परत लावली. माझ्या शेजारच्या खुर्चीत निदान नजरेसमोर तरी राहतील असं मनाला समजावलं.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. सात वाजायच्या आत खुंटीवरचं बाबांचं हरणाच्या शिकारीचं भडक नारिंगी जाकीट काढून अंगात घातलं. बघू म्हटलं काय करते ती.

सूर वाजला, दिवे लागले, आणि ती आली. नारिंगी शिकारी जाकीट घालून, शहाण्यासारखी. प्रेक्षकांत हशा पिकला. रॉस म्हणाला, "लिनेट, आम्हाला गोळी घालू नका हं!" बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"आणि आज कोण आलंय?" रॉस म्हणाला.

कॅमेरा प्रेक्षकांवर गेला. त्या खुर्चीत बाबा बसले होते. लग्नाला घालतात तो काळा कोट, केस पाणी लावून चापलेले, आणि तोंडभर हसू. शेजारच्या बाईनं त्यांच्या दंडाला धरून काहीतरी म्हटलं आणि त्यांनी हात वर करून हलवला.

"अगं, तो मी," बाबा म्हणाले.

आवाज शेजारून यायला हवा होता. तो समोरून आला. मी झटकन वळले. बाबा माझ्या बाजूला होते, ओठ हलत होते, पण आवाज टीव्हीतून येत होता, प्रेक्षकांच्या गलक्यात मिसळलेला. मी त्यांचा हात धरला. तो गार होता. बाहेर राहिलेल्या फावड्याचा दांडा लागतो तेवढा गार.

"बाबा, इकडं बघा. माझ्याकडं बघा!"

त्यांनी बघितलं नाही. त्यांना भान नव्हतं, ते सुखात होते. एकेक उत्तर तिकडून उठत होतं, तिकडचे बाबा खुर्चीत उड्या मारत होते, ती बटण दाबत होती. इकडचे नुसतेच ओठ. खुर्चीत ते जरा कमीच वाटायला लागले होते. त्यांच्या खांद्यामागची खुर्चीची कापडी फुलं मला दिसत होती, आणि माझी नजर चांगली आहे.

शेवटचा प्रश्न. विषय: मोठी सरोवरं. तिनं सगळे गुण लावले. "आज जिंकल्या तर पुढचं वर्षभर आमच्याकडंच!" रॉस म्हणाला. "दोघंही!" टाळ्यांचा कडकडाट.

"सुपीरियर सरोवराचं पाणी वाहत कुठल्या सरोवरात जातं?"

अहो, आमच्या गावात हे कुत्र्यालाही माहीत असतं. परसदारी सुपीरियर आहे आमच्या! ती पेन हातात धरून थांबली, मान तिरकी करून. बाबांचे ओठ 'ह'साठी उघडले. पडद्यातला त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. मी दोघांकडंही बघितलं आणि मला कळलं की आता हे एक उत्तर गेलं की या खुर्चीत कुणी उरणार नाही.

मी उभी राहिले आणि बाबांच्या आधी, सगळ्या जन्मात ओरडले नव्हते तेवढ्या जोरानं ओरडले, "मिशिगन!"

ती दचकली. मान आणखी वळवली, आणि पहिल्यांदा तिनं बाबांच्या खुर्चीकडं न बघता माझ्या खुर्चीकडं बघितलं. सरळ, मला. एक क्षणभर. मग खाली वाकून तिनं लिहिलं.

पाटी उघडली. मिशिगन.

"अरेरे," रॉस म्हणाला. "ह्यूरॉन हो, ह्यूरॉन."

७

"गाढवे!"

आवाज शेजारून आला. खणखणीत. "मिशिगन? सुपीरियरचं पाणी मिशिगनमध्ये? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" आणि माझ्या गुडघ्यावर असा दणका बसला की मी कळवळले. हात गरम होता. चुलीवरून उतरवलेल्या कपासारखा गरम. मी त्या हाताचे मुके घेतले.

"अगं, काय झालं तुला? सोड! वेड लागलंय का?" बाबा म्हणत होते, पण हात काढून घेत नव्हते. फोन वाजायला लागला. रोंडाच असणार. शिव्या घालायला. घालू दे! जन्मभर घालू दे. थडग्यावर लिही म्हणावं, हिला घरामागचं सरोवर ठाऊक नव्हतं. मी फोन उचलला नाही. आम्ही दोघं जोरजोरानं हसत होतो, आणि मी म्हणत होते, आता उद्यापासून नवी माणसं येतील, आपण दोघं पहिल्यासारखे ओरडू, मी निसू आणीन, कॉफी करीन.

टीव्हीवर नावं सरकत होती. जिंकलेला नवा माणूस रॉसच्या शेजारी उभा होता. पलीकडं ती नारिंगी जाकिटात, अजिबात खट्टू झालेली नाही. प्रेक्षकांतून काळ्या कोटातले बाबा हळूहळू पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले. तिनं त्यांच्या हातातली काठी घेतली, आपला दंड दिला. टाळ्या वाजत होत्या. दोघं बाजूच्या दारानं बाहेर पडले आणि दार लागलं.

"कुठं निघाले गं ते?" बाबांनी विचारलं.

जिंकली असती तर ती राहिली असती. तिथंच, काचेच्या पलीकडं, दुसरा जोड घालून. तिला हरवलं मी. आणि हरलेल्या माणसाला तिथं एक क्षणही ठेवत नाहीत. दाराशी गाडी उभी असते.

"घरी," मी म्हटलं.

बाबा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा पुन्हा तसाच फुलला. ते काठीशिवाय उठले, स्वयंपाकघरात गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, कप एकावर एक वाजले. कॉफीचं पाणी चढवताना ते गुणगुणत होते.

"लिनेट," ते आतून म्हणाले, "निसू पुरेल ना गं चौघांना?"